मुराळी

सायकल दोन खोक्यांतून आली. ललितने बंगळूरहून मागवली होती. "पप्पा, ती घरात जागेवरच बसून चालवायची आहे, आईला तोल सांभाळावा लागणार नाही," हे त्याने फोनवर तीनदा सांगितलं. छत्तीस वर्षं मी दीपनगरच्या वीजकेंद्रात मीटर सांभाळले. वाफेचा दाब, पाण्याची पातळी, तापमान, जे मोजता येतं ते सगळं माझ्या हाताखालून गेलं. तरी मुलाच्या लेखी मी नवशिकाच. सायकल जोडायला पाऊण तास लागला, त्यातली दहा मिनिटं चष्मा शोधण्यात गेली.

आधी पुढचा-मागचा आडवा पाय बोल्टने आवळला. मग सळईवर सीट चढवली, पाठ टेकायचा भाग बसवला. ही सायकल म्हणजे जवळजवळ आरामखुर्चीच. मागे रेलून बसायचं आणि समोर लांब केलेल्या पायांनी पायडल फिरवायचं. उंचीप्रमाणे सीट पुढेमागे करायला सळईला सात भोकं होती. मंदा जेमतेम पाच फूट, तिला दुसरं भोक बरोबर बसलं.

"तोंड उगवतीकडे करा," ती म्हणाली.

"तिकडे भिंत आहे. खिडकीकडे केलं तर बाहेरचं दिसेल तरी."

"मले बाहेरचं नाही पाहायचं."

म्हटलं, ठीक. आजारी माणसाशी वाद कशाला.

डिसेंबरात तिला झटका आला होता. उजवा पाय ओढत चालायची. बोलणं महिनाभरात परत आलं, पण अंक गेले ते गेलेच. घड्याळात किती वाजले तेसुद्धा मला विचारायची. कॅलेंडरवरचे आकडे तिला नुसते काळे डाग दिसत. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, सावकाश येईल. मी जन्मभर आकड्यांवर जगलो आणि माझ्या बायकोला एकही आकडा उरला नाही, याचं मला फार वाईट वाटे.

रोज सकाळी नाश्त्याआधी पंधरा मिनिटं, असं फिजिओथेरपीच्या बाईंनी सांगितलं होतं. पंधरा मिनिटांत साधारण एक किलोमीटर व्हायचा. मीटरवर एकूण अंतर साठत जायचं, आणि ते मी जुन्या सवयीने वहीत उतरवून घ्यायचो.

दहाव्या-अकराव्या दिवशी पायडल फिरवता फिरवता मंदा म्हणाली, "नशिराबाद आलं."

मी मीटर पाहिला. दहा पूर्णांक दोन. आम्ही राहतो त्या जळगावहून नशिराबाद तेवढंच आहे. मला हसू आलं. म्हटलं, हिला अंक यायला लागले. कॅलेंडर तिच्यापुढे धरलं आणि तारीख विचारली. तिने बराच वेळ पाहिलं आणि मान हलवली. ते पाहून माझं हसू गेलं.

दुसऱ्या दिवशी मी मीटरवर टॉवेल टाकला. तिने का म्हणून विचारलंही नाही. मीटरमध्ये वीस भरले त्या सकाळी ती म्हणाली, "वाघूरच्या पुलावर गार वारं सुटलंय." मार्च संपत आला होता, कूलर बंद होता. पण तिच्या कपाळावरची बट हलत होती, आणि खोलीत ओल्या वाळूचा वास आला. मी खिडकी पाहिली. ती बंद होती.

तेहतिसाव्या किलोमीटरला दीपनगर. तिथे आमच्या नोकरीच्या क्वार्टरपुढे एक गुलमोहर होता. मंदा पाय न थांबवता म्हणाली, "आपला गुलमोहर तोडला त्यायनं. बुंध्याले अजून चीक येऊन राह्यला."

मी लीलाधरला फोन लावला. तो माझ्याबरोबर निवृत्त झाला, पण राहायला तिकडेच आहे. म्हणाला, "काल दुपारी तोडला. तुला कोणी सांगितलं रे?"

मी फोन ठेवला.

ती कुठे चालली आहे, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. खरं म्हणजे कळलं होतं. वरणगाव, मुक्ताईनगर, आणि तिथून आठ किलोमीटर आत, पूर्णेच्या काठी तिचं माहेर. आमच्या घरापासून चौसष्ट किलोमीटर. ते गाव आता नाही. धरणाचं पाणी आलं, लोक वर माळावर जाऊन राहिले, जुनं गाव पाण्याखाली गेलं.

त्याआधीच्या शेवटच्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, तिचा भाऊ तोताराम मुराळी म्हणून आमच्या क्वार्टरवर आला होता. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी जातात, आणि न्यायला माहेरचा माणूस येतो, तो मुराळी. चौकटीला डोकं लागू नये म्हणून तोताभाऊ वाकून उभा होता. मंदाची पिशवी भरलेली होती. माझ्या आईच्या कुरडया व्हायच्या होत्या, माझी पाळी बदलली होती, कारणं काय, हजार निघतात. मी म्हणालो, "पुढच्या वर्षी न्या." तो आल्या पावली परत गेला. पावसाळ्यात गाव उठलं. तोताभाऊला जाऊन आता नऊ वर्षं झाली. मंदाने त्या दिवसाबद्दल मला एका शब्दाने कधी विचारलं नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

एप्रिलमध्ये तिचा पाय चांगलाच सुधारला. काठी सुटली. बाई म्हणाल्या, असा पेशंट पाहिला नाही. पण सायकलवरून उतरली की ती थोडी थोडी कमी व्हायची. ललितच्या फोनला आधी अर्धा तास बोलायची, मग पाच मिनिटं, मग "बरी आहे" एवढंच. जेवताना ताटाकडे पाहत बसायची. मुक्ताईनगर आलं त्या दिवशी पायडल मारता मारताच तिने हात जोडले. त्यानंतर तर ती माझ्याशी दुरून बोलल्यासारखी बोलू लागली. मला भीती वाटू लागली. ती बरी होत नव्हती, ती जात होती.

आखाजीच्या सकाळी मी पितरांची घागर भरली, वर खरबूज ठेवलं. मंदा नवं लुगडं नेसून सायकलवर बसली होती. आत पायडलचा आवाज चालू होता. एकदम थांबला.

मी आत गेलो. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी नीट पाहिलं.

"तोताभाऊ वेशीत उभा आहे," ती म्हणाली. "जाऊ का?"

फक्त 'जा' म्हणायचं होतं. न उच्चारलेल्या ज्या एका शब्दासाठी पंचेचाळीस वर्षं मी स्वतःला दोष दिला, तो शब्द. पण तो म्हटला तर ही मला पुन्हा दिसणार नाही, हेही मला स्वच्छ कळत होतं. या घरात एकट्याने चहा पिण्याची कल्पना मला सहन झाली नाही.

"पुढच्या वर्षी जा," मी म्हणालो.

तिने मान खाली घातली. "बरं," म्हणाली आणि उतरली. स्वयंपाकघरात जाऊन तिने आंब्याचा रस काढायला घेतला. मी मीटर शून्यावर आणला, सायकलवर जुनी चादर टाकली आणि बाथरूममध्ये जाऊन रडलो.

ती पुन्हा सायकलवर बसली नाही.

चार दिवसांनी मी दूध घेऊन आलो तर चादर घडी घालून सोफ्यावर ठेवलेली होती. सीट मागे सरकवलेली, शेवटच्या, सातव्या भोकात. मी बसून पाहिलं. माझे पाय पायडलला पोचत नव्हते, मग मंदाचे कुठून पोचणार? मीटरवर आठ होते.

"तू बसली होतीस?"

"नाही," ती तांदूळ निवडत म्हणाली. "मुराळी घरापर्यंत येत असतो ना."

मी सीट पुढे आणली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा सातव्या भोकात होती. पायडल फिरताना मी कधीच पाहिले नाहीत. मी दुकानात गेलो असताना, आंघोळीला गेलो असताना, दुपारी डोळा लागला असताना ते व्हायचं. सव्वीस झाले, म्हणजे तिकडून इकडे येताना वरणगाव मागे पडलं. एकोणचाळीस झाले, भुसावळ. मी मीटरमधले सेल काढून ठेवले. सेल नसलेल्या मीटरवर सकाळी चव्वेचाळीस दिसत होते.

ललितला काय सांगणार? "आई कशी आहे?" विचारतो. मी सांगतो, आनंदात आहे. ते खोटं नाही. ती गुणगुणते, केस विंचरते. काल तिने कपाटातून पिशवी काढली आणि दोन लुगडी भरली. मीटरवर चोपन्न होते. नशिराबाद.

आज मी कुठेही गेलो नाही. सकाळपासून सायकलसमोर खुर्ची टाकून बसलो. मंदा पिशवी घेऊन माझ्या शेजारी बसली. बाहेर रस्त्यावर ऊन नुसतं पेटलेलं, कूलर घुरघुरत होता. पायडल हलले नाहीत. एकदाही नाही. अकरा वाजले, बारा वाजले.

मी मनाशी शब्द घोळवत होतो. जा. जा, मंदा.

साडेबाराला ती उठली. पदर डोक्यावर घेतला.

"आला," ती म्हणाली.

मी दाराकडे पाहिलं. दार बंद होतं, कडी आतून. मग सायकलकडे पाहिलं.

सीटची गादी खोल दबलेली होती. मी पाहत असताना ती सावकाश वर आली, कोणी उठून उभं राहावं तशी.