नेमकं तेव्हाच का चढतं?

लिफ्ट बंद पडली म्हणून त्यांची भेट झाली. हृदयरोग विभागाच्या जिन्यात तो कठडा धरून धापा टाकत उभा होता आणि ती वरून धावत उतरत होती.

"बसा खाली. बोलू नका," ती म्हणाली.

"न बोलता... तुमचं नाव कसं विचारू?"

श्वास पुरेना, तरी जीभ शाबूत! ती तिथली फिजिओथेरपिस्ट, नव्या पेशंटला शोधायला निघालेली. पेशंट हाच निघाला. बसचा ड्रायव्हर, ऐन तिशीत हार्ट अटॅक येऊन गेलेला, वर डायबेटिस. बीपी आटोक्यात आल्याशिवाय बस परत मिळणार नव्हती आणि बसवर त्याचा भारी जीव.

मग ती हात धुऊन त्याच्या मागे लागली. ट्रेडमिलवरची चाल वाढली, चहातली साखर गेली, तळलेलं सुटलं. पोट उतरलं, रक्तातली साखर ताळ्यावर आली. बीपी मात्र हटून बसलं. ती वाकून त्याच्या दंडाला पट्टा बांधायची, तो खिडकीबाहेर बघायचा... आणि आकडा वरच!

"घरी नॉर्मल येतं हो. आत्या मोजते."

"चोरून खारं खाताय ना?"

"आत्याची शपथ!"

"मला बनवू नका."

ती रागावली खरी, पण त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. आपलंच काहीतरी चुकतंय आणि त्याची बस जाणार, हा विचार पाठ सोडेना. एका पेशंटसाठी एवढं? छे...

शेवटी डॉक्टरांनी त्याच्या दंडाला दिवसभर बीपी मोजणारं मशीन लावलं. दुसऱ्या दिवशी मोठ्या सिस्टर आलेख घेऊन व्यायामाच्या हॉलमध्ये आल्या. तो खुर्चीत बसला होता, ती त्याच्याजवळ येऊन उभी राहिली.

"दिवसभर झकास! डॉक्टर म्हणाले, खुशाल बस चालवा. फक्त दुपारी एकदा चढलंय. तेव्हा ट्रेडमिलवर होतास का रे?"

"नाही... बसलो होतो."

"मग काय करत होतास?"

"या मॅडम दुसऱ्या दंडाला पट्टा बांधत होत्या," तो मान खाली घालून म्हणाला.

सिस्टर हसत सुटल्या. ती कानापर्यंत लाल झाली. इतके दिवस त्याला मिठावरून बोलणी खायला लावली आणि कारण आपण!

"आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर मला दुसऱ्या कुणाकडे पाठवलं असतंत," तो म्हणाला. "बस हवीच होती हो. पण तुम्हीही..."

तिला हसू आलं, डोळेही भरून आले.

"आजपासून तुम्ही माझे पेशंट नाही. म्हणून सांगते, मलाही तुम्ही आवडता. पण त्या बीपीला आता माझी सवय लावा. मी काही कुठे जाणार नाहीये!"

शेजारी ट्रेडमिलवर असलेल्या एका आजोबांनी चालता चालताच टाळ्या वाजवल्या.