आत कोणी आहे का

उल्हासदादांनी चैत्राली बोधनकरला दिलेलं काम अगदी साधं होतं. जुना पालापाचोळा झाडायचा, एवढंच.

कॅनडात मिसिसागातली त्यांची छोटी कंपनी भंगार दाबणाऱ्या प्रेसचं सॉफ्टवेअर करायची. मोटारींचे सांगाडे, पत्रे, जुने फ्रिज त्या प्रेसच्या पोटात टाकायचे. वरून लोखंडी पाटा उतरायचा आणि खाली उरायचा एक चौकोनी गठ्ठा. सॉफ्टवेअर हजारो तुकड्यांतून बांधलं जाई, आणि ते कसं बांधायचं याच्या सूचना एका लांबलचक फाइलमध्ये होत्या. त्यात जागोजागी मॅक्रो पेरलेले. मॅक्रो म्हणजे एक छोटंसं नाव. ते लिहिलं की त्यामागची पानभर सूचना कामाला लागते. बांधणीच्या टूलची नवी आवृत्ती आली आणि तिने यातले बरेच मॅक्रो कालबाह्य ठरवले. ते बदलायला एक अपडेट आपोआप चालायचा. रोज पहाटे तो फाइल चाळायचा, जुनं नाव काढून नवं घालायचा, आणि ज्याला नवं नावच नाही त्याला पुसून टाकायचा. चैत्रालीने सकाळी कॉफी घेऊन बसायचं आणि त्याने काय केलं ते तपासायचं.

हळूहळू सगळे मॅक्रो गेले. एक मात्र जाईना. 'थांब आधी' असं त्याचं नाव होतं, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी. बांधणी चालू असताना प्रेसच्या दाराचा सेन्सर, आत कोणी असलं तर पाटा अडवणारा, जागेवर आहे ना, हे तो बघायचा. त्या वेळी पडद्यावर एक ओळ उमटे : 'तपासतोय, आत कोणी आहे का... नाही.' हेच काम आता दुसरी नवी तपासणी करत होती, त्यामुळे अपडेटने तो पुसला. दुसऱ्या दिवशी चैत्राली येऊन बघते तर ओळ परत जागेवर. तिने हाताने पुसली. पुन्हा आली. बदल करणाऱ्याचं नाव दर वेळी एकच : देवदत्त.

या नावाचं ऑफिसात कोणी नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत तिने विजयालक्ष्मीला विचारलं. ही कंपनीतली सर्वांत जुनी टेस्टर, माटुंग्यात वाढलेली, त्यामुळे मराठी चैत्रालीइतकंच सराईत. मायक्रोवेव्हमधून डबा काढता काढता तिचा हात थबकला.

देवदत्त गेला त्याला आता बरीच वर्षं झाली, तिने सांगितलं. पुण्याहून तो आणि उल्हास बरोबरच आले होते. पहिला हिवाळा दोघांनी एकाच बेसमेंटमध्ये, एका हीटरपुढे काढला. व्हिटबीला तळ्याकाठी कंपनीची शेड होती, तिथे चाचणीचा प्रेस होता. डिलिव्हरी तोंडावर आलेली, आणि देवदत्तने लिहिलेला हाच मॅक्रो बांधणी पुढे जाऊ देईना. देवदत्त शेडमध्ये सेन्सर तपासायला गेला. इकडे उल्हासने तो मॅक्रो तेवढ्यापुरता बंद केला आणि सॉफ्टवेअर शेडमधल्या प्रेसवर पाठवून दिलं. देवदत्त कमरेपर्यंत आत वाकलेला असताना पाटा उतरला.

"चौकशीत सेन्सर बिघडला होता असं ठरलं," विजयालक्ष्मी खालच्या आवाजात म्हणाली. "नंतर उल्हासनेच तो मॅक्रो परत घातला. तेव्हापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. तू पण नको लावूस, चैत्राली."

पण काम उल्हासदादांनीच दिलं होतं. पुसलेलं परत येतंय, आणि कुणाच्या नावाने येतंय, हे तिने त्यांना जाऊन सांगितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मग ते एकदम तापले. व्हिटबीच्या शेडमध्ये देवदत्तचा जुना कॉम्प्युटर आहे, तोच त्याच्या नावाने काहीतरी चालवत असणार. उद्या जाऊन तो कायमचा बंद करू, म्हणाले. दुसरा दिवस शनिवारचा होता. चैत्रालीने मान डोलावली. दिवसाउजेडी जायचं, दोघं जायचं, त्यात घाबरण्यासारखं काय होतं?

सकाळी निघाले तेव्हा हलकं हिम भुरभुरत होतं. व्हिटबीला पोचेपर्यंत त्याने आकाश आणि जमीन एक करून टाकली. तळं कुठे संपतं आणि काठ कुठे सुरू होतो, कळत नव्हतं. शेडचं दार गोठून बसलेलं. दोघांनी फावड्याने हिम बाजूला ओढलं तेव्हा कुठे ते करकरत उघडलं.

आत सगळीकडे दुधी उजेड होता. छताच्या मळक्या काचांवर हिम साचलं होतं आणि त्यातून तो झिरपत होता. मधोमध प्रेस उभा, दोन माणसांच्या उंचीचा, दार उघडं टाकलेला. तेलाचा जुनाट वास येत होता, आणि त्याच्याखाली आणखी एक वास, ओल्या नाण्यासारखा. इतक्या थंडीत वास इतका दाट कसा, असं चैत्रालीला वाटून गेलं.

कॉम्प्युटर कोपऱ्यात सापडला. त्याची वायर भिंतीपासून हातभर दूर पडली होती. वरची धूळ बोटाने खरवडावी इतकी जाड. हा कधीचाच मेला होता.

उल्हासदादा त्याच्याकडे बघत राहिले. मग भिंतीवरच्या मुख्य स्विचपाशी गेले. त्याचा दांडा आधीच खाली, म्हणजे बंद होता. तरी त्यांनी दोन्ही हातांनी तो आणखी खाली दाबला.

"तुझा लॅपटॉप काढ," ते म्हणाले. "आत्ता पूस. माझ्यासमोर पूस."

चैत्रालीने एका पिंपावर लॅपटॉप ठेवला, फोनवरून इंटरनेट जोडलं आणि ती ओळ पुसली. मग बांधणी सुरू केली. पडद्यावर ओळींमागून ओळी सरकू लागल्या. हे आहे... होय. ते आहे... होय. बोटं बधिर झाली होती. ती काखेत धरून चैत्राली बघत राहिली. आणि मग सरकणं थांबलं.

'तपासतोय, आत कोणी आहे का...'

पुढे काही नाही. ओळ तशीच लटकत राहिली.

"पुसली होतीस ना?"

"तुमच्यासमोरच पुसली, दादा..."

तेवढ्यात प्रेसमधून आवाज आला. लोखंडावर तळहात आपटावा तसा. थोडा वेळ शांतता. मग पुन्हा, जरा जवळून.

खार असेल, असं चैत्राली स्वतःला सांगू लागली. हिवाळ्यात शिरतात. पण त्या उघड्या दाराच्या काळोखातून शब्द आले. दमलेल्या, घसा कोरडा पडलेल्या माणसाचे.

"उल्ह्या... हात दे रे."

उल्हासदादांच्या घशातून कसलासा आवाज फुटला. चैत्रालीने त्यांची बाही पकडली. त्यांनी ती सोडवून घेतली, रागाने नव्हे, झोपेतला माणूस पांघरूण बाजूला सारतो तशी. ते दारापाशी गेले. वाकले. उजवा हात त्यांनी आत घातला आणि म्हणाले, "देवा, मी तेव्हा..."

वाक्य पुरं झालंच नाही. कुणीतरी हिसडा द्यावा तसे ते खांद्यापर्यंत आत ओढले गेले. कपाळ लोखंडी चौकटीवर आदळलं आणि फुटलं. ते ओरडत होते, पाय फरशीवर घासत होते, बुटांच्या टाचा करकरत होत्या. चैत्रालीने धावत जाऊन त्यांच्या कमरेला मिठी घातली आणि सगळा जोर लावून मागे खेचलं. दादा इंचभरही मागे आले नाहीत. तिच्या मागे पिंपावर लॅपटॉप टिंग असा वाजला. तिने मान वळवली.

'...आहे.'

वर कुठेतरी तेल गडगडलं. वीज नसलेल्या त्या यंत्रात पाटा हलला आणि सावकाश उतरू लागला. घाई त्याला कसलीच नव्हती.

तिने कंबर सोडली आणि त्यांचा दंड पकडण्यासाठी स्वतःचा हात आत घातला. हात रक्ताने निसटत होते. पाटा दादांच्या खांद्याला टेकला. गोठलेल्या तळ्याला तडा जावा तसा आवाज झाला, मग दुसरा, मग बरेच एकदम. किंकाळी मध्येच तुटली. आणि त्याच क्षणी तिच्या मनगटाच्या वर एक पंजा पडला. आत, अंधारात. थंड, ओला आणि विलक्षण ताकदीचा. तो तिला आत ओढत होता की बाहेर ढकलत होता, हे तिला तेव्हा कळलं नाही आणि नंतरही कधी सांगता आलं नाही. ती मागे फेकली गेली, पाठीवर पडली. पाटा शेवटपर्यंत खाली गेला. दाराच्या फटीतून रक्त आलं आणि फरशीवर पसरलं, आणि त्या थंडीत त्याच्यातून वाफ निघत राहिली.

फायर ब्रिगेडच्या माणसांना पाटा उचलायला संध्याकाळ झाली. मुख्य स्विचचा दांडा खालीच होता. पाटा ज्याच्या दाबाने हलतो त्या तेलाचा प्रेसच्या टाकीत थेंब नव्हता. पूर्वीच रिकामी करून ठेवली होती. इन्स्पेक्टरने चैत्रालीला पुन्हा पुन्हा तेच विचारलं, आणि तिनेही पुन्हा पुन्हा तेच सांगितलं, फक्त आतून आलेला तो आवाज वगळून. आतून त्यांना एकच माणूस मिळाला.

इमर्जन्सीतल्या डॉक्टरने तिचा उजवा हात तपासला. मनगटाच्या वर चार बोटं आणि अंगठा, निळेजांभळे, ठसठशीत. सूज पसरते का ते कळावं म्हणून त्याने पेनने त्या डागांभोवती रेघ मारली आणि रेघेबाहेर गेलं तर परत या, असं बजावून घरी पाठवलं.

रविवारी सकाळी जयदीपने, तिच्या नवऱ्याने, तिची बाही वर केली. रेघ होती तिथेच होती, आणि तिच्या आतली कातडी स्वच्छ होती. बोटं कोपराजवळ गेली होती.

डॉक्टरने परत बघितलं, रक्त तपासलं, काही सापडलं नाही. जयदीप रोज नवी रेघ मारू लागला. चैत्रालीने नोकरी सोडली, लॅपटॉप परत पाठवून दिला. विजयालक्ष्मीचे फोन येत, ती उचलत नसे. रोज पहाटे, नेमकी कधी ते जागं राहूनही दिसत नसे, बोटं थोडी वर सरकत. दंडावर आली. मग खांद्यावर.

आज सकाळी वॉशरूमच्या उजेडात तिने गाऊनचा गळा खाली ओढला. अंगठा आता गळ्याच्या खळग्याशी टेकला होता. जयदीपने पेनचं टोपण काढलं आणि तसाच उभा राहिला. तो तिच्या उजव्या खांद्याकडे बघत नव्हता. डाव्या बाजूला, मानेपाशी बघत होता.

"चैत्राली," तो अगदी हळू म्हणाला, "कालपर्यंत एकच हात होता ना?"