पुलाखालचे बूट

"काहीही धुवायचं नाही. अंगावरचं जे मिळेल ते तसंच पिशवीत ठेवायचं. कळलं?"

वकीलबाईंनी फोनवर बजावलं होतं. वहिनी 'हो हो' म्हणाली होती आणि विसरली होती. कडेवर पोर रडत होती. रक्ताळलेला शर्ट बघून सासूबाईंचा श्वास वर चढत होता. वकिलांना सांगायला काय जातंय, असं पुटपुटत तिने घरी जाऊन शर्ट-पँट साबणाच्या पाण्यात टाकली.

आता तो शर्ट वकीलबाईंच्या टेबलावर होता. पांढराशुभ्र.

"छान निघालाय," वकीलबाई म्हणाल्या. "जाहिरातीत द्या."

"मला वाटलं..."

"सगळ्यांनाच वाटतं. बसा. पहिल्यापासून सांगा."

सांगण्यासारखं थोडंच होतं. तिचा धाकटा दीर केबल दुरुस्तीचं काम करायचा. खांबावरून उतरत असताना एका पोलिसाने त्याचा फोन मागितला. भावजींनी विचारलं, "कशासाठी?" तेवढ्यावरून त्याला गाडीत कोंबलं. समोरच्या दुकानदाराने ते पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी पाहिलं नाही असं सांगितलं. मग इस्पितळातून फोन आला. डोक्याला मार, उजवा हात दोन ठिकाणी मोडलेला.

पोलिसांचं म्हणणं सरळ होतं. गाडीत घेतला, समज दिली, पुढच्या चौकात सोडला. ठाण्यात आणलाच नाही. नंतर पुलाखाली पडलेला सापडला. एखाद्या वाहनाने उडवला असेल.

"ठाण्यातले कॅमेरे?"

"बंद होते म्हणे."

"नेमके. भावजींना काय आठवतंय?"

"गाडीचं दार. त्यानंतर कुणीतरी 'बाळा, बाळा' म्हणत होतं. डॉक्टर असतील, असं त्यांना वाटतं."

वकीलबाईंनी चष्मा काढला. "हे बघा. वरिष्ठांकडे तक्रार करता येईल. पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे जाता येईल. न्यायालयात थेट फौजदारी तक्रार होईल. हक्कांवर गदा आली म्हणून वरच्या न्यायालयात भरपाईही मागता येईल. दारं खूप आहेत. पण प्रत्येक दारात एकच प्रश्न विचारतील, तो त्यांच्या कोठडीत होता हे कशावरून? रस्त्यावर सापडलेल्या माणसाचं उत्तर पोलिसांनी कशाला द्यायचं?"

"म्हणजे त्या शर्टाबरोबर सगळं गेलं?"

"आणखी काय आहे?"

"बूट. पण त्यांच्यावर रक्ताचा थेंब नाही."

"मग राहू द्या," वकीलबाई म्हणाल्या.

प्राधिकरणाकडे अर्ज गेला. त्याआधी वहिनीने ठाण्याच्या पायऱ्या झिजवल्या. तिथे म्हणाले, मुख्य कार्यालयात जा. मुख्य कार्यालयात म्हणाले, ठाण्याचं पत्र आणा. ठाण्यात म्हणाले, साहेब जेवायला गेलेत. साहेब जेवायलाच जन्माला आले असावेत. नवरा परगावी कामाला, त्यामुळे पोरीला काखोटीला मारून सगळीकडे तीच.

फोन मागणारा पोलीस तिला ठाण्याच्या दारातच भेटे. जाड मिशा, लाल डोळे. घरी सगळे त्याला मिशाळ म्हणत.

"पुन्हा आलात?" तो खेकसायचा. "तुमच्या दिराला मी हातही लावला नाही. जा, घरी जा."

सासूबाईंनी त्याला इतके शाप दिले होते की नवे सुचेनासे झाले होते.

ठाण्यातला एकच जण माणसासारखा वागला. पिकल्या केसांचा, हळू बोलणारा अधिकारी. त्यानेच भावजींना पुलाखालून उचलून इस्पितळात आणलं होतं. सासूबाई त्याला देवमाणूस म्हणत.

तो इस्पितळात चौकशीला आला, तेव्हा भावजी झोपले होते. देवमाणूस लंगडत येऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसला.

"पायाला काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"अंगठ्याच्या मुळाशी हाड वर आलंय, आई. बूट चावतो. नोकरीच उभ्याची." तो हसला. मग वहिनीकडे वळला. "बघ बाळा, आमचा तो मिशीवाला तापट आहे, मान्य. पण पोरगा रस्त्यावरच होता. मी जसा होता तसा उचलला, गाडीत घातला, इथे आणला. वेळ गेला असता तर वाचला नसता."

"तुमचे उपकार आहेत," सासूबाई म्हणाल्या.

"उपकार कसले! तक्रारीच्या मागे लागून पोराला आणखी त्रास नको, एवढंच."

वहिनीची दीड वर्षांची पोर, घरातली खारूताई, एव्हाना त्याच्या पायाशी बसली होती. ती त्याच्या बुटाच्या एका भोकात बिस्किटाचा चुरा मन लावून भरत होती. वहिनीने तिला ओशाळून उचललं. देवमाणसाने बूट झटकला आणि पोरीचा गाल ओढला. पोर किंचाळली. तिला कुणी गाल ओढलेला आवडत नसे.

सुनावणी जवळ आली. हाताशी काही नव्हतं. वहिनी सकाळी भांडी आपटत घासत होती, तेवढ्यात खाटेखालून खारूताई भावजींचे बूट ओढत बाहेर आली आणि एका झटक्यात लेस सोडून टाळ्या वाजवू लागली.

वहिनी ओले हात तसेच धरून बघत राहिली.

त्या बुटांची लेस खारूताईला कधीच सुटत नसे. खांबावर चढताना गाठ अडकू नये म्हणून भावजी ती बाहेरच्या बाजूला बांधत आणि टोकं आत खोचून टाकत. पोर रोज खटपट करून रडे. आता गाठ पुढे, मधोमध होती. लेस तळापासून वेगळी ओवलेली होती. शिवाय दोन्ही बुटांवर खालून दुसऱ्या जोडीची भोकं रिकामी.

तिने फोनमधला फोटो उघडला. भावजींना उचललं, त्याच दिवशी सकाळचा. भावजींच्या बुटांवर खारूताई उभी. सगळी भोकं भरलेली, गाठ बाहेर.

ती तशीच इस्पितळात गेली. परिचारिका इंजेक्शन भरत होती.

"आमच्या भावजींना आणलं तेव्हा बूट तुम्ही काढले?"

"मीच."

"पायात होते? बांधलेले?"

"बांधलेले. का?"

"लेस पूर्ण काढली होती का तुम्ही? प्रत्येक भोकातून?"

"ताई, इथे श्वास घ्यायला वेळ नाही, मी लेस ओवत बसू? गाठ सोडली, बूट ओढले, पिशवीत टाकले."

"हे लेखी द्याल?"

परिचारिकेने दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "खरं आहे ते द्यायला काय हरकत आहे? द्या कागद."

प्राधिकरणाचं दालन म्हणजे एक लांब टेबल आणि कुरकुरणारा पंखा. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते आणि मिनिटामिनिटाला घड्याळ बघत होते. एका बाजूला मिशाळ, तोंड पाडून. साक्षीदार म्हणून देवमाणूस.

"प्रश्न तक्रारदार स्वतः विचारतील," वकीलबाई म्हणाल्या.

"थोडक्यात," अध्यक्ष म्हणाले.

वहिनी देवमाणसासमोर उभी राहिली. "तुम्हाला भावजी पुलाखाली सापडले, तेव्हा पायात बूट होते?"

"होते."

"तुम्ही ते काढले? लेस सैल केली?"

"नाही बाळा. जसा होता तसा उचलला."

"त्याआधी त्यांना ठाण्यात पाहिलं होतं?"

"कधीच नाही. तो ठाण्यात आलाच नाही."

"वाटेत दुसऱ्या कुणी बुटांना हात लावला?"

"गाडीत मी एकटाच होतो."

वहिनीने पिशवीतून बूट काढून टेबलावर ठेवले. शेजारी फोटो, आणि परिचारिकेचा जबाब.

"साहेब, हे बूट सकाळी असे होते, आणि इस्पितळात पोचले ते असे. मधल्या वेळात कुणीतरी लेस शेवटच्या भोकापर्यंत काढली आणि परत ओवली. गाडीने उडवलेल्या माणसाची लेस अशी कोण काढतं? चोर बूटच नेईल. इस्पितळाने फक्त गाठ सोडली. लेस पूर्ण काढून घेण्याची पद्धत एकाच ठिकाणी असते. आत टाकलेल्या माणसाने स्वतःला फास लावून घेऊ नये, म्हणून पट्टा आणि लेस काढून ठेवतात. कोठडीत."

अध्यक्षांनी घड्याळाकडे बघणं थांबवलं.

"भावजी बेशुद्ध झाल्यावर त्यांना पुलाखाली टाकायचं ठरलं. अपघात दिसायला हवा, तर पायात बांधलेले बूट हवेत. म्हणून कुणीतरी घाईघाईने लेस ओवली. हात सवयीने चालले. भावजींच्या नाही, स्वतःच्या." ती देवमाणसाकडे वळली. "तुमचा पाय पुढे घ्याल?"

तो हलला नाही.

"घ्या," अध्यक्ष म्हणाले.

काळा बूट टेबलाच्या बाहेर आला. खालून दुसऱ्या जोडीची भोकं रिकामी होती.

"तिथे लेस घट्ट बसली की हाड दुखतं. माझ्या पोरीने त्याच भोकात बिस्किट भरलं होतं. मला तेव्हा लाज वाटली. भावजींच्या पायाला तर काहीच दुखणं नाही. आणि त्यांना 'बाळा' म्हणणारा डॉक्टर मी सगळ्या इस्पितळात शोधला. तसा कुणी नाही."

"हा काय पुरावा झाला?" देवमाणूस म्हणाला. आवाजातला गोडवा गेला होता. "लेस कुणीही कशीही ओवतो. ज्याने धरून नेला, त्याला विचारा ना!"

मिशाळ ताडकन उठला.

"विचारा, मलाच विचारा! सगळं माझ्याच माथी! हिच्या सासूने रस्त्यात शाप दिले, ते मी ऐकून घेतले. ठाण्यात आणला नाही, असं म्हणायला ह्यांनीच सांगितलं. मी आणून ह्यांच्या हवाली केला आणि बंदोबस्ताला गेलो. फोन उघडून घ्यायचं काम ह्यांचं. मी सोडलं तेव्हा दोघंही आपल्या पायांनी चालत आत गेले होते!"

पंखा कुरकुरत राहिला.

"दोघं?" अध्यक्षांनी विचारलं.

मिशाळाने ओठ चाटले. "वाटेत आणखी एक उचलला होता. फळवाल्याच्या गाडीजवळून. तोही 'का' म्हणून विचारत होता."

"नाव?"

"विचारलं नाही."

"तो कुठे आहे?"

मिशाळाने देवमाणसाकडे पाहिलं. देवमाणूस टेबलाकडे बघत होता.

आदेश झाला. देवमाणसावर गुन्हा दाखल झाला, भरपाईचा अर्जही आता पुढे सरकला. वकीलबाईंनी वहिनीला पहिल्यांदाच चहा विचारला. सासूबाई रडल्या. भावजींची बोटं अजून मिटत नाहीत.

त्या दुसऱ्याची मात्र तक्रारच नाही. ठाणं म्हणतं, नोंद नाही. वहिनी इस्पितळांतून हिंडली, फळवाल्याला भेटली. त्याला एवढंच आठवतं, तरुण होता, एकटा राहत असावा, एकट्यापुरतीच फळं घ्यायचा.

असा कुणी तुमच्या जिन्यावर, तुमच्या गल्लीत राहत असेल. हल्ली दिसत नसेल, किंवा दाराआडूनच 'ठीक आहे' म्हणत असेल. तेवढ्यावर परत फिरू नका. दार उघडायला लावा. त्याला उजेडात उभं करून नीट बघा, कुठे मार लागलाय का. आजच जा.