मी कशात?

रचलेली गोष्ट वाटेल, पण हे माझ्या सख्ख्या नणंदेच्या बाबतीत घडलंय. गेल्या मार्चमध्ये, कर्वेनगरच्या एका कॉलेजच्या लायब्ररीत. तेही भर दुपारी.

चैतालीचं बाळ सातव्या महिन्यातच जन्माला आलं, ते निपचितच. नावसुद्धा ठेवायचं राहिलं. नंतर घरात कोणी त्याचा विषय काढला नाही. ती रडलीही नाही. जेवायची, झोपायची, हाक मारली की ओ द्यायची. बस.

मन रमावं म्हणून तिने लायब्ररीत नोकरी धरली. तिथे शैला मॅडम तिला पुस्तकांना विषय द्यायला शिकवायच्या. पुस्तक चाळायचं, स्वतःला विचारायचं, "हे कशात?" मग कॉम्प्युटरवर विषय टाकायचा. त्या विषयाखाली शोधलं की पुस्तक सापडतं.

चैताली अडली की 'इतर' टाकून मोकळी व्हायची.

"अगं, 'इतर' काय?" मॅडम म्हणाल्या. "त्यापेक्षा पोत्यात घालून खडकवासल्याच्या धरणात सोड ना. 'इतर'मध्ये गेलेलं पुन्हा कुणाला सापडत नाही, बाई."

आणि त्या डबा खायला गेल्या.

हॉलमध्ये चैताली एकटीच.

पंखा बंद पडला...

मागच्या रॅकमध्ये कोणीतरी पुस्तकं सरकवत होतं. अगदी खालच्या कप्प्यात.

"कोण आहे?"

सरकवणं थांबलं.

मग... एक कोवळा आवाज.

"मी कशात?"

भास असेल. तिने पुढचं पुस्तक ओढलं.

"आई... मी कशात?"

तिने मागे पाहिलं नाही. भीती वाटली नाही म्हणे. काहीच वाटलं नाही. सवयीने तोंडातून शब्द निघून गेला.

"इतर."

पंखा सुरू झाला.

आपण काय बोलून बसलो, ते तिला तेव्हा कळलं. ती रॅककडे धावली. खालचा कप्पा रिकामा होता. हात लावला तर...

उबदार.

तिथेच बसून ती पहिल्यांदा रडली. "माझ्यात रे बाळा. तू माझ्यात." कितीदा तरी म्हणाली.



अजून ती रोज दुपारी तिथे जाऊन बसते. परवा मी तिला भेटायला गेले, तर शैला मॅडमनी मला बाजूला घेतलं.

"त्या रॅककडे विद्यार्थी फिरकत नाहीत हो हल्ली. तान्हं बाळ रडतं म्हणतात."

मी आत गेले. चैताली रिकाम्या कप्प्याला कान लावून बसली होती.

"वहिनी, काहीच ऐकू येत नाही गं."

मला मात्र... स्पष्ट ऐकू येत होतं.