मावशीआजीची मांडी आणि पुलांची नोंदवही

हाड मोडू नये म्हणून जी गोळी घ्यायची, तिच्यामुळेच हाड मोडू शकतं? मी तो कागद तीनदा वाचला. मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत खरंच तसं छापलं होतं.

कागद मावशीआजीच्या गोळ्यांच्या पाकिटातला. मावशीआजी म्हणजे माझ्या आजीची धाकटी बहीण, वैजयंती कोचरेकर, वय चौऱ्याहत्तर. आमच्या खाडीवरचा मोठा पूल तिचा. म्हणजे तिने घमेली उचलली नाहीत, पण कुठे किती लोखंड घालायचं हे तिने ठरवलं. नऊ वर्षांपूर्वी ती नुसती अंगणात घसरली आणि मनगट मोडलं, तेव्हा कळलं की तिला ऑस्टिओपोरोसिस (हाडं आतून विरळ आणि ठिसूळ होणं) आहे. तेव्हापासून दर रविवारी सकाळी उपाशीपोटी एक गोळी, पेलाभर साधं पाणी, आणि मग अर्धा तास खायचं नाही, आडवंही व्हायचं नाही. त्या अर्ध्या तासात ती मला पुलांच्या गोष्टी सांगते. रविवारी लवकर उठणारी आमच्या वर्गात मी एकटीच असेन.

घरात ठोक्याही राहतो. तो पूल तपासणारा यंत्रमानव. खेकड्यासारखे आठ पाय, त्यातल्या एकाला हातोडी. खांबावर चढायचं, ठोकायचं आणि आवाज ऐकायचा, भरीव की पोकळ. तो आणि मावशीआजी एकाच वर्षी निवृत्त झाले, म्हणून ती त्याला घरी घेऊन आली.

त्या रविवारी गोष्ट संपली आणि मावशीआजी उठताना भिंतीला धरून उभी राहिली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही गो अबोली. उजवी मांडी ठणकते. महिना-दीड महिना झाला असेल. आईला बोलू नकोस हं."

का बोलू नको, ते मला माहीत होतं. येत्या शनिवारी, म्हणजे १४ जानेवारी २०५१ ला, पुलाला पंचवीस वर्षं पूर्ण होणार होती. नव्या इंजिनिअर मंडळींनी मावशीआजीला बोलावलं होतं. लोखंडी शिडीने खाली उतरून पहिल्या खांबावर पहिला ठोका तिने मारायचा होता. तिने जुनी हातोडी दोनदा पुसून ठेवली होती. आईला पायाचं कळलं असतं तर शिडी बंद.

ती आंघोळीला गेली आणि मी उगाच तो कागद उलगडला. त्यात हाड मोडण्याच्या ओळीशेजारीच लिहिलं होतं: मांडीत किंवा जांघेत दुखू लागल्यास डॉक्टरांना लगेच सांगा.

मी कागद घेऊन ठोक्याकडे गेले आणि त्याला सगळं विचारलं.

"मी डॉक्टर नाही," तो म्हणाला. "पण दुरुस्ती मला समजते. पुलाचं काँक्रीट तडकलं तर आधी काय करतात?"

"तडकलेलं फोडून काढतात. मग नवीन भरतात."

"हाडात हेच रोज चालतं. तिथे दोन टोळ्या असतात. अस्थिभंजक पेशी (जुनं, झिजलेलं हाड विरघळवून काढणाऱ्या) आणि अस्थिजनक पेशी (त्या जागी नवं हाड बांधणाऱ्या). लहानपणी बांधणाऱ्या पुढे असतात. म्हातारपणी फोडणाऱ्यांचा वेग वाढतो, बांधणाऱ्या मागे पडतात. हाड पोकळ होत जातं."

"आणि गोळी?"

"ती फोडणाऱ्यांना बसवून ठेवते. त्यामुळे हाड टिकतं."

"मग बरंच आहे की."

"बरंच आहे. पण पुलावर कुणी कधीच काही फोडलं नाही, तर?"

मी विचार केला. "तडकलेलं काँक्रीट तसंच राहील."

"चालताना हाडाला अतिशय बारीक भेगा पडतच असतात. त्या काढायलाही फोडणारी टोळी लागते. ती बरीच वर्षं बसून राहिली, तर क्वचित एखाद्याच्या हाडात भेगा साठतात. मांडीच्या हाडावर तर अख्ख्या शरीराचा भार."

कोडं सुटलं होतं, पण मला राग आला. मी पाकीट उचललं. "ही गोळी वाईटच आहे. कचऱ्यात टाकते."

ठोक्याने हातोडीचा पाय पाकिटावर ठेवला. "घाई करू नकोस. नऊ वर्षांत ती किती वेळा पडली?"

मी आठवलं. एकदा बाथरूममध्ये, एकदा एसटी स्टँडच्या पायऱ्यांवर. दोन्ही वेळा नुसता मुका मार.

"कमरेचं हाड मोडलं असतं तर ती कदाचित पुन्हा चाललीच नसती. अशी हाडं ही गोळी पुष्कळ जणांची वाचवते. मांडीला भेग पडते ती बऱ्याच वर्षांनंतरही हजारांत एखाद्याला. पण वर्षं वाढतात तसा हा धोका थोडा थोडा वाढतो. म्हणून पाचेक वर्षांनी डॉक्टर पुन्हा तपासतात. हाडं बरी असतील तर गोळीला काही काळ सुट्टी देतात, कारण यातलं औषध हाडात मुरलेलं असतं आणि सुट्टीतही काम करतं. हाडं फारच ठिसूळ असतील तर चालू ठेवतात, नाहीतर औषध बदलतात."

"मावशीआजीची ती तपासणी कधी झाली?"

"माझ्याकडे तिच्या बावीस पुलांच्या नोंदी आहेत," तो म्हणाला. "तिची एकही नाही."

कपाटात मावशीआजीची नोंदवही होती. पहिल्या पानावर तिच्याच अक्षरात पहिला नियम: लहान आवाज आला की मोठ्या आवाजाची वाट पाहू नये. मी ते पान उघडून तिच्या ताटाशेजारी ठेवलं, वर तो कागद. आता ती माझ्याशी बोलणार नाही असं मला वाटत होतं.

तिने दोन्ही वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं.

"बावीस पुलांच्या तारखा सांभाळल्या मी," ती हळू आवाजात म्हणाली. "एक चुकली नाही. आणि स्वतःचं काय, तर गोळी चालू आहे ना, मग झालं. पाच वर्षांनी बोलावलं होतं गो डॉक्टरांनी. मी गेलेच नाही." मग तिने ताट बाजूला सारलं. "आईला हाक मार."

एक्स-रे दोन्ही मांड्यांचा काढला. उजव्या हाडाच्या बाहेरच्या बाजूला केसाएवढी रेघ होती. हाड अजून अख्खं होतं. शिडी उतरली असती तर काय झालं असतं, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. गोळी बंद, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व चालू, पायावर भार अजिबात नाही, आणि हाडात सळई घालायची की नाही ते पुढच्या एक्स-रेनंतर.

"म्हणजे गोळी घेतली तेच चुकलं का?" आईने विचारलं.

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "त्या चालत इथवर आल्या, त्यात गोळीचाही वाटा आहे. मनाने बंद करायची नाही, तशीच मनाने वर्षानुवर्षं चालूही ठेवायची नाही, एवढंच."

शुक्रवारी संध्याकाळी मावशीआजीने हातोडी परत कपाटात ठेवली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला फार वाईट वाटलं, कारण ते माझ्यामुळे होतं.

शनिवारी ती चाकांच्या खुर्चीत बसून पुलावर गेली. माइक हातात घेऊन तिने भाषण केलं ते पुलाचं नव्हतंच. "मी एक तपासणी चुकवली," ती सगळ्यांसमोर म्हणाली, "माझ्या स्वतःच्या हाडांची. या मुलीने ती पकडली." एवढ्या मोठ्या बाईने एवढ्या माणसांत स्वतःची चूक अशी सरळ सांगितलेली मी कधी पाहिली नव्हती. त्या दिवशी ती मला पुलापेक्षा मोठी वाटली.

मग ठोक्या खांबावरून खाली उतरला. त्याच्या ठोक्यांचा आवाज ऐकवणारे हेडफोन मावशीआजीच्या कानांवर होते. ठक. ठक. तिने डोळे मिटून ऐकलं.

"भरीव आहे," ती म्हणाली, आणि एक हेडफोन माझ्या कानाला लावला.

दुसऱ्या दिवशी रविवार. गोळी नव्हती, म्हणून मी दारातच घुटमळले. मावशीआजी नेहमीच्या खुर्चीत ताठ बसली होती. समोर पेलाभर पाणी.

"मावशीआजी, हाडाच्या आत बसून ऐकणारा इवलासा ठोक्या बनवता येईल का? म्हणजे भेग पडायच्या आधीच कळेल."

"येईल की. पण बनवणारीला आधी बावीस पूल माहीत हवेत. आठच सांगून झालेत." तिने शेजारची खुर्ची थोपटली. "ये, बस. सुट्टी गोळीला दिली आहे, तुला नाही."