शेळीनं खाल्लेला शरभ

चित्रवर्गाचं दार सताड उघडं होतं. आत शेळी उभी होती आणि शरभाचा पत्ता नव्हता.

शिवांजली टेबलाकडं धावली. काल टेबलावर ठेवलेले सात जाड कागद गायब! जमिनीवर नुसते तुकडे. धाराशिवच्या नव्या बागेत शरभाचा पुतळा उभा राहायचा होता आणि त्याची चित्रं आज पाचच्या आत द्यायची होती.

शरभ म्हणजे जुन्या किल्ल्यांच्या दारांवर कोरलेला कल्पनेतला पशू. पण शिवांजलीला तो चालणारा, चरणारा हवा होता. खांदे बैलाचे, मान घोड्याची, शिंगं नि जबडा शेळीचा. एकूण एक हाड खऱ्या जनावराचं. वर्षभर ती लिंबाजीतात्यांच्या शेळ्यांची तोंडं उघडून मापं घेत होती. सगळा परंडा तिला वेडी म्हणायचा, एकटे चित्रकलेचे आण्णासाहेब सर सोडून. सरांनी दुरुस्त केलेला पहिला शरभ तिनं खोडला, तेव्हासुद्धा ते हसलेच होते.

सर आले आणि कपाळाला हात लावून उभे राहिले.

"शेळीनं घात केला गं, शिवा."

मागोमाग लिंबाजीतात्या धापा टाकत आले.

"तात्या, शेळी सुटली कशी?"

"म्या बांधून पाण्याला गेलतो. आलो तर खुट्टा रिकामा."

"दावं तुटलं का?"

"न्हाय. गाठ सोडल्याली हाय."

"आणि वर्ग कुणी उघडला, सर?"

"मीच. उघडला आणि चहाला गेलो. दहा मिनिटं लागली असतील. चुकलंच माझं."

दहा मिनिटांत सात पुठ्ठ्यासारखे कागद! ही शेळी होती की उसाचा चरक? शिवांजली खाली बसून तुकडे जुळवू लागली. सगळ्या लांब, अरुंद पट्ट्या. पट्ट्यांच्या कडांवर दातांचे खोल व्रण, कागदाच्या दोन्ही अंगांना. सात पट्ट्यांवर तिच्या सात सह्या होत्या. शरभाची मात्र एक रेघही कुठं नव्हती.

तिला जे सुचलं ते सुचायला नको होतं. तिनं पट्ट्या पुन्हा मोजल्या.

"तात्या, हिला जरा धरा. सर, हिच्या वरच्या हिरडीवर बोट फिरवा. पुढचे दात लागतात?"

सरांनी बोट फिरवलं. चेहरा उतरला.

"न्हाईत तिला," लिंबाजीतात्याच बोलले. "शेळीला वर कुठं दात असत्यात?"

"गाई-म्हशींनाही नसतात. खाली दात, वर टणक हिरडी. शेळी कागद ओढून फाडते. व्रण उठलाच तर एका अंगाला उठेल. इथं दोन्हीकडं दात आहेत, म्हणजे कुणीतरी कोरणीनं ते उठवलेत. सर, माझ्या पहिल्या शरभाला तुम्ही वरचेही पुढचे दात रेखाटले होते. मी खोडले, ते तुम्ही हसण्यावारी नेलंत."

"शिवा..."

"गाठ सोडून शेळी आत आणलीत. ती तरी बिचारी माझी सही तेवढी कशाला ठेवील? चित्रं तुम्हाला हवी होती. नाव नको होतं, म्हणून कडा कापल्यात. तुमचं कपाट उघडा."

सरांनी खिशातून किल्ली काढली. कपाटात सात कागदांची गुंडाळी निघाली.

"तुझं नाव कोण वाचणार होतं?" सर पुटपुटले. "माझ्या नावावर तरी तो उभा राहिला असता."

"मागायचा होतात की! मी दिला असता."

लिंबाजीतात्या शेळी घेऊन गुपचूप बाहेर गेले. ज्या माणसानं रेघ ओढायला शिकवली, त्यानंच केसानं गळा कापला होता. शिवांजलीनं गुंडाळी उचलली आणि एसटी गाठली.

पाचाला दहा कमी असताना तिनं कडा कापलेली चित्रं धाराशिवच्या कचेरीत दिली. अर्जात शिक्षकाचं नाव विचारलं होतं. तिनं आण्णासाहेबांचं नाव लिहिलं, कारण ते खरं होतं. लिहून झाल्यावर मात्र तिला चारचौघांत रडू फुटलं.