डीजेच्या गाडीतलं मत्स्यबीज

नेहमीची गाडी त्या सकाळी आलीच नाही. दवनीवाड्याजवळच्या मत्स्यबीज केंद्राच्या फाटकाशी तिच्याऐवजी जी येऊन थांबली, ती पाहून पुष्पांजलीला थकव्यातही हसू आलं. निळी पिकअप, नाक जमिनीला टेकेल इतकी खाली बसवलेली, आणि काचेवर चंदेरी अक्षरांत ‘धमाका डीजे’.

“हिच्यात मासे नाचत जातील की काय?”

“लग्नाचा सीझन संपला ना मॅडम. आता मासे तर मासे,” ड्रायव्हर खाली उतरत म्हणाला. डोळे तिच्यासारखेच जागरणाचे, हसू मात्र ताजं. “मी चंद्रकुमार. खोके कुठं ठेवू?”

खोक्यांत प्राणवायू भरलेल्या पिशव्या होत्या आणि पिशव्यांत बोटाच्या पेराएवढी पिल्लं. ती सौंदडकडच्या तलावांत जिवंत पोचवणं हे तिचं काम. पावसाळ्यानंतर कंत्राट वाढणार की नाही, ते यावरच ठरणार होतं. एम.एस्सी. झाल्यापासूनचा तिचा प्रत्येक पावसाळा असाच टांगणीला लागलेला असे.

रस्ता तसा बरा होता, पण गाडी दणके देत होती. लहानसा खड्डा आला तरी समोरून धाड! दात दातांवर आपटत. तलावावर पोचल्यावर चंद्रकुमारनं घाईघाईनं कात्री काढली, तशी तिनं त्याच्या हातावर फटका मारला.

“उघडू नका! आधी पिशव्या तशाच पाण्यावर तरंगू द्या. आतलं पाणी तलावाइतकं गार झालं की मगच सोडायचं. नाहीतर मरतात.”

तो हात चोळत थांबला. पण पिशव्या उघडल्या तेव्हा पांढरी पोटं वर करून कितीतरी पिल्लं तरंगली. ती गुडघाभर पाण्यात वाकून एकेक वेचत राहिली.

“माझ्या गाडीनं मारले ना?”

“हो.”

त्यानं रिकामे खोके गाडीत चढवले. परतीच्या वाटेवर तो हळूच म्हणाला, “तुमी दुसरी गाडी पाहान आता...”

“पाहावीच लागेल.”

“मी इलाज करून राहिलो मॅडम. समोरच्या स्प्रिंगा कापल्या तवापासून हे असंच. शॉकअप नवे टाकले, हवा कमी केली. लीलाधर मिस्त्री म्हणते, गाडी उंच कर. उंच केली का माझे साउंडबॉक्स गावच्या रेल्वे बोगद्यातून निघत नाही. मंग हिवाळ्यात खाऊ काय?”

तिला खरं तर डोळे मिटायचे होते. पण प्रश्न समोर असला की तिला झोप लागत नसे. केंद्रावर पोचल्यावर ती गाडीच्या पुढच्या चाकापाशी उकिडवी बसली आणि मोबाइलच्या उजेडात आत पाहू लागली. चाक वर उचललं गेलं की त्याला अडवायला तिथं एक जाड रबर असतं. त्या रबरात आणि वरच्या लोखंडात बोटही जाईना.

“कुंकू आहे का गाडीत?”

“कुंकू?” त्यानं गोंधळून डॅशबोर्डवरच्या देवासमोरची डबी दिली. तिनं कुंकू तेलात कालवलं, रबराच्या टोकाला लावलं आणि ती म्हणाली, “फाटकापर्यंत एक चक्कर मारून या. हळूहळू.”

तो परतला तेव्हा वरच्या लोखंडावर लालभडक ठिपका उठला होता.

“पाहा. स्प्रिंग कडक नाही. तिला दबायला जागाच उरली नाही. जरासा खड्डा आला की रबर लोखंडावर आदळतं. रबर थोडं कापा, शॉकअप आखूड बसवा. उंची आहे तेवढीच राहील.”

“बोगद्यातून निघंन?”

“निघेल.”

तो तिच्याकडे पाहत राहिला. “दसऱ्याले आई लावते हिले कुंकू. पण अशा जागी... कोनी नाही लावलं आजवर.”

“तपासायला लावलं मी.”

“हो का? मले वाटलं, गाडी पसंत पडली.”

ती बोटांवरचं तेल पुसत राहिली — बोटं स्वच्छ झाल्यावरही.

लीलाधर मिस्त्री कुरकुरला, पण त्यानं आरीनं रबराचा एक थर उतरवला आणि आखूड शॉकअप बसवले. पुढच्या फेरीला पुष्पांजली गाडीत बसली. पुन्हा पिल्लं मेली तर दुसरी गाडी बोलवावीच लागणार होती... आणि ती तिला नको होती. हे मनाशी कबूल करायलाही तिला थकवा आडवा आला.

गोंदिया मागे पडलं. गाडी खड्ड्यांवरून नुसती डोलत होती. धानाच्या बांध्या हिरव्या होत होत तिच्या डोळ्यांत मिटत गेल्या...

जाग आली तेव्हा गाडी बंद होती. काचेवर भुरभुर. शेजारची जागा रिकामी, मागचे खोके नाहीत. पिशव्या! ती धडपडत तलावाच्या पाळीवर चढली.

चंद्रकुमार पँट दुमडून पाण्यात उभा होता. न उघडलेल्या पिशव्या त्याच्याभोवती तरंगत होत्या, आणि वाऱ्यानं दूर जाणाऱ्या पिशव्यांना तो गुरं वळवावीत तसा वळवत होता.

“मला उठवलं काऊन नाही?”

“गाडीनं नाही उठवलं, मंग मी कायले उठवू?”

“आणि पिशव्या उघडल्या नाहीत?”

“तुमी हातावर मारता.”

ती पाण्यात उतरली. दोघांनी मिळून तोंडं सोडली. पिल्लं सळसळत पाण्यात शिरली. पांढरं पोट शोधत तिची नजर खूप वेळ फिरली, एखाददुसरंच सापडलं.

“वाचले,” ती म्हणाली, आणि इतक्या दिवसांचा शीण एकदम डोळ्यांत आला.

त्यानं पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं. मग पाण्याकडे बघत म्हणाला, “दरसाल दुसऱ्याच्या वराती घेऊन जातो मॅडम. थकून राहिलो आता. एकदा आपली सोताची काढाव म्हनतो...”

“कुठं?”

“दवनीवाड्याले. तुमच्या घरी. तुमाले चालत असंन तर.”

तिनं रिकाम्या पिशव्यांची घडी घातली. उलगडून पुन्हा घातली.

“आवाज कमी ठेवाल?”

“तुमी म्हनान तर बंदच ठेवतो.”

“बंद नको, नाहीतर वरातीतच झोपून जाईन,” ती म्हणाली. “त्या गाडीत मला झोप लागते.”